अंगी लागलं पाहिजे

माझ्या मामासासऱ्यांच्या मते पृथ्वीवरची निम्मी माणसं उपाशी होती, आणि त्यातली बरीचशी दोन्ही वेळा पोटभर जेवून उपाशी होती. हे ते इतक्या शांतपणे सांगत, की ऐकणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या पोटाकडे जाई. माणसानं काय खाल्लं, किती खाल्लं, यात त्यांना फारसा रस नव्हता. खाल्लेलं अंगी लागलं का, एवढाच त्यांचा प्रश्न. आपण पाहुण्याला बसा म्हणतो, पाणी देतो, पाऊसपाणी विचारतो. मामा राम राम घालता घालताच त्याचं मनगट धरत, सदऱ्याची बाही हलकेच वर सारत आणि कोपर बघत. कोपराची कातडी राखेसारखी कोरडी दिसली की त्यांचा चेहरा असा उतरे, की त्या माणसाला वाटे, आपल्या घरची काहीतरी वाईट बातमी यांना आधी कळली आहे. "तेल पोचत नाय," ते हळूच म्हणत. आणि कोपर मऊ, किंचित तुकतुकीत दिसलं, तर परक्याच्या कोपरावरूनही ते असा हात फिरवत, जसा शेतकरी भरल्या लोंबीवरून फिरवतो.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. राहणारे खालापूरकडचे, पाताळगंगेच्या काठच्या एका गावचे. भाताची थोडी खाचरं भावकीत होती, पण मामांचं तारुण्य गेलं माथेरानच्या एका हॉटेलात, मुदपाकखान्यात. उंच, पाठीत जरा वाकलेले, डोळे नेहमी अर्धे मिटलेले. बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबत आणि कुठेतरी लांब जाऊन परत येत. नवख्याला वाटे म्हातारबाबांना झोप लागली, आणि तो उठायला जाई तोच वाक्याचा उरलेला अर्धा भाग येई. मी लग्न होऊन पोशीरला आले तेव्हा महायुद्ध चालू होतं, हॉटेल बंद पडलं होतं, आणि मामा खाली आले होते. त्यामुळे ज्या माणसानं वर्षानुवर्षं साहेब, पारशी आणि मोठमोठ्या शेटजींना जेवू घातलं, त्याची सगळी विद्या आता कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या सोयऱ्याधायऱ्यांवर येऊन कोसळली होती.

त्यांना हे वेड लागलं कसं, ते ते स्वतःच सांगत. डोंगरावर तेव्हा दुखणाईत माणसं हवापालटाला यायची. त्यांच्यासाठी मामा सूप करत, मासळी शिजवत, अंडी उकडत. काही जण खाऊन महिन्याभरात टवटवीत होऊन उतरत. काही जण तेच अन्न, तेवढंच खाऊन, आले तसे काटकुळे परत जात. मामांना याचं इतकं नवल वाटलं, की ते जेवणघराच्या दारामागे उभे राहून पाहुण्यांना जेवताना बघू लागले. एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरांनी त्यांना एकदा पकडलं, आणि रागवायच्या ऐवजी बोलत बसले. माशाच्या तेलाचा चमचा लोक सकाळी रिकाम्या पोटी घेतात आणि दिवसभर ढेकर देतात, तो भरल्या जेवणात घ्यावा, जेवणात तूपलोणी असावं, असं डॉक्टर म्हणाले. एवढंच. बाकीचं सगळं शास्त्र मामांनी त्या एका वाक्यावर स्वतः उभं केलं. वीतभर पायावर सात मजले चढवावेत तसं.

त्या शास्त्राचा तळमजला म्हणजे जवस. आमच्याकडे जवस पिकत नाही, ते घाटावरून यायचं, कर्जतच्या बाजारात मिळायचं. मामांच्या दृष्टीनं भाकरीच्या खालोखाल माणसाला त्याचीच गरज होती. पण जवसाचा दाणा ही फार मानी वस्तू, असं ते सांगत. बाहेरून गुळगुळीत, आतून कडी लावलेलं घर. अख्खा गिळला तर आला तसाच निघून जातो, पोटाला पत्ता लागत नाही. म्हणून तो कुटायचा. कुटायचा तोही जेवायच्या वेळीच, कारण कुटलेल्या जवसाचं तेल एकदा वाऱ्याला लागलं की रुसतं. भाजायचं तर नुसता वास सुटेपर्यंत, तडतडू लागलं की खेळ खलास. आमच्या शेजारणीनं एकदा पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुरेल एवढी जवसाची चटणी करून बरणीत भरली आणि कौतुकानं मामांपुढे ठेवली. मामांनी बरणीत नाक घातलं, बराच वेळ डोळे मिटून विचार केला, आणि म्हणाले, "बाय, ह्ये दाराला लाव. वाळवी नाय लागनार." शेजारीण चार दिवस बोलली नाही. पुढे तिनं खरंच ती चटणी गाईच्या आंबोणात घातली, आणि गाईच्या अंगावर चकाकी आली असं तीच सगळ्यांना सांगत सुटली.

जेवायच्या वेळीच कुटायचं म्हटल्यावर खलबत्ता हाताशी हवाच. मामांचा लोखंडी खलबत्ता एका खाकी पिशवीत असे आणि पिशवी खांद्यावर. बारशाला, बाराव्याला, गावकीच्या बैठकीला, कुठेही गेले तरी ती बरोबर. नेरळजवळच्या एका लग्नात पंगत बसली, पानं वाढून झाली, यजमान हात जोडून उभे राहिले, आणि त्या शांततेत ठण, ठण, ठण असा आवाज सुरू झाला. वाजंत्र्यांना वाटलं दुसरी वरात आली. मामा मांडी घालून, डोळे अर्धे मिटून, आपल्या पानाशेजारी जवस कुटत होते. कुटून झाल्यावर त्यांनी चिमूट चिमूट उजव्या-डाव्या हाताच्या माणसांच्या भातावर टाकली, वर तुपाची धार धरायला लावली, आणि मगच पहिला घास घेतला. तूप नाही तर जवस फुकट, हा त्यांचा दुसरा मजला. "तेलाला तेलच हात धरून आत नेतं," ते म्हणत. घोळीची भाजी, ती नदीकाठी आणि परसात आपोआप उगवणारी जाड, आंबूस पानांची, ती त्यांना फार प्रिय. पण कुणी ती नुसती उकडून खाल्ली तर त्यांना अन्नाचा अपमान झाल्यासारखं वाटे. ओढ्यातली बारीक मासळी हळदीच्या पानात गुंडाळून वाफेवर शिजवावी. तळली तर "कढई जाडी व्हते, मानूस नाय." आणि सगळं थोडं थोडं, दोन्ही जेवणांत वाटून. आज ताटभर आणि मग आठवडाभर काही नाही, असं करणाऱ्याला ते पावसाळ्यातल्या ओढ्याची उपमा देत. लोंढा येतो नि जातो, जमीन आहे तिथंच कोरडी.

आमच्या नणंदेचं लग्न या शास्त्रापायी मोडता मोडता राहिलं. मुलाकडचे शेलूहून बोलणी करायला आले होते. सगळं ठरत आलं होतं, आणि मामांनी मुलाला जवळ बोलावून त्याची बाही वर केली. कोपर पाहिलं. मग ते मुलाच्या वडलांकडे वळून अत्यंत मायेनं म्हणाले, की पोराच्या घरात खायला भरपूर दिसतंय, पण एक घास अंगी लागत नाय, घरात जेवताना भांडनं व्हतात का? पाहुणे उठले. आमच्या सासऱ्यांनी त्यांच्या विनवण्या केल्या. ते वेशीपर्यंत गेले असतील, तेवढ्यात मुलाची आई एकटीच मागे आली आणि दारात उभी राहून मामांना विचारू लागली, की भांडणं होतात हे तुम्हाला कसं कळलं, आणि यावर उपाय काय. लग्न झालं. मामांनी रुखवतात खलबत्ता ठेवायला लावला.

रागात खाल्लेलं अंगी लागत नाही, हा त्यांच्या शास्त्राचा वरचा मजला होता आणि तिथे ते कुणाचंच ऐकत नसत. त्यांच्या गावात दोघा सख्ख्या भावांचं बांधावरून वैर होतं, एका चुलीवर जेवत आणि घासागणिक एकमेकांचा उद्धार करत. मामांनी त्यांना सांगितलं, भांडा, पण आधी भांडा. पान वाढायच्या आधी अंगणात जाऊन काय ते पुरं करून या. ते रोज भुकेल्या पोटी अंगणात उभे राहू लागले. भुकेल्या पोटी भांडण लांबत नाही. काही दिवसांनी ते अंगणात नुसते उभे राहून आत काय शिजतंय त्याचा वास घेऊ लागले. बांध आहे तिथंच राहिला, पण भाऊ जरा गुबगुबीत झाले, आणि मामा ते आपलं मोठं यश मानत.

जेवण झाल्यावरचे मामा तर मला फारच आवडत. मागच्या पडवीत घोंगडी टाकून डाव्या कुशीवर पडत आणि पोटात गेलेला तेलाचा थेंब आता कुठे असेल ते पोरांना सांगत. आता तो अंधारात आहे, वाट शोधतोय. आता त्याला तुपाचा थेंब भेटला, दोघं निघाले. आता नदी लागली, लाल नदी, तिच्यात होडी नाही, नुसतं सोडून द्यायचं अंग. असं सांगता सांगता आवाज हळू होत जाई. समोर माथेरानचा डोंगर निळा पडलेला, गवताच्या उडवीवर ऊन सरकत असे, आणि मधेच मामा गप्प होत. थेंब कुठवर पोचला ते पोरांना कधीच कळलं नाही, कारण त्याच्या आधी मामाच झोपेत पोचलेले असत. मीही भांडी घासता घासता ऐके. मला ते सगळं खरं वाटे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला. तो रडला नाही. सुईणीनं त्याला कापडात गुंडाळलं, बाहेर काही कुजबुज झाली, आणि मला दाखवायचा नाही असं ठरलं. मी त्याचं तोंड पाहिलं नाही.

त्यानंतर मी जेवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळे म्हणत, हिनं अन्न टाकलं होतं. टाकलं नव्हतं. पानात पडेल ते मी संपवत होते, कारण संपवलं नाही तर सासूबाई समोर येऊन उभ्या राहत आणि त्यांचा चेहरा मला बघवत नसे. पण दिवसागणिक मी वाळत गेले. बांगड्या मनगटावरून वर सरकू लागल्या, फणीत केसांचा गुंता येऊ लागला, टाचा फुटल्या. पाण्याला गेले तर वाटेत दोनदा बसावं लागे. नेरळच्या वैद्यांनी काढे दिले. कर्जतच्या डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली दिली आणि आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ते काय, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ते शेतावर जाताना दारात थांबून मागे वळून बघू लागले. सासूबाई शेजारणीपाशी बोलताना मी ऐकलं. "खातेय तर गं. मंग जातंय कुठं?"

शेवटी त्यांनी भावाला निरोप धाडला. मामा नेरळहून बैलगाडीनं आले, पिशवी खांद्यावर. सासूबाईंनी मला माजघराच्या दाराआड उभं केलं आणि माझा हात तेवढा बाहेर धरला. मामांनी बाही वर केली. मी फटीतून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो उतरेल म्हणून. तो उतरला नाही. नेहमीचं "तेल पोचत नाय" सुद्धा आलं नाही. हात परत आत ठेवावा तसा त्यांनी तो हलकेच सोडला. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर माथेरानचं हॉटेल झालं. जेवायच्या वेळेला ओटीवर खलबत्ता वाजू लागला. माशाच्या तेलाचा सकाळचा चमचा मामांनी बंद केला आणि तो दोन्ही जेवणांच्या मध्यावर, अर्धा अर्धा, असा लावून दिला. पोरांना घोळीची भाजी खुडायला पिटाळलं. युद्धाच्या टंचाईत तेल-तूप मिळणं मुश्कील, तर सासूबाईंना रोजचं दही सोडायला लावून ते घुसळून लोणी माझ्यासाठी काढलं. मामा स्वतः गळ घेऊन नदीवर बसत आणि हळदीच्या पानातली मासळी वाफ जायच्या आत माझ्या पानात पडे. मी सगळं खात होते. आणि बांगड्या वर सरकत होत्या.

मामांनी कारणं शोधली. जवस जुनं असेल म्हणून कर्जतला जाऊन दुसरं आणलं. खलबत्त्याचं लोखंड बाधत असेल म्हणून दगडाचा खल मिळवला. लोण्यावर संशय घेतला, मग गाईवर, मग गाय चरते त्या कुरणावर. एक दिवस त्यांनी माझं पान पूर्वेकडून उत्तरेकडे फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी परत पूर्वेला आणलं. सासूबाई आणि आमचे घरचे यांची कशावरून तरी कुरबुर झाली, तर दोघांनाही अंगणात पाठवलं. घरात सगळे इतके गोड बोलू लागले, की मला आपण मेलोच आहोत असं वाटू लागलं. दुपारी मामा पडवीत घोंगडीवर पडत, पण थेंबाची गोष्ट सांगेनात. पोरं वाट बघून खेळायला निघून जात. मामा डोंगराकडे तोंड करून जागेच असत.

मग एका सकाळी त्यांनी सासूबाईंना विचारलं, सूनबाय जेवते कुठं? माजघरात, सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांचं आटपलं की मग. कुणाबरोबर? सासूबाई पदराला हात पुसत राहिल्या. माझ्या जावेला तान्हं मूल होतं. ते तिच्या मांडीवर बघून मला त्रास होईल, म्हणून सासूबाईंनी आमची पानं वेगळी केली होती. जाऊ आधी जेवून घेई आणि मूल घेऊन पुढच्या ओटीवर जाई. मग मला वाढून सासूबाई बाहेर निघून जात, मला एकटीला रडायला बरं पडावं म्हणून. सगळ्यांनी माझ्याशी फार चांगुलपणानं वागायचं ठरवलं होतं. मी रडत मात्र नव्हते.

त्या दिवशी मामांनी आपलं ताट उचललं आणि सरळ माजघराच्या मागच्या दाराशी आणून ठेवलं. मी आतल्या बाजूला, ते उंबऱ्याबाहेर पडवीत. सासूबाई धावत आल्या. "दादा, सुनेबरोबर जेवनार? लोक काय म्हनतील?"

"बरोबर कुठं? मी पाठमोरा हाय," मामा म्हणाले, आणि खरोखरच माझ्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसले.

मी पदर सारखा केला, मग सैल सोडला. पाठीला काय दिसतं? ते जेवू लागले, तशी मीही जेवू लागले. जेवताना ते डोंगराशी बोलावं तसं बोलत. वरच्या लाल मातीच्या रस्त्यांविषयी. एका साहेबाच्या बायकोविषयी, जी रोज माकडांना केक देई आणि स्वतः उपाशी राही. पावसाळ्याआधी ढग येऊन जेवणघरात शिरतात तेव्हा समोरचा माणूस दिसत नाही, नुसता चमच्यांचा आवाज येतो, त्याविषयी. मी कधी हं म्हणे, कधी नाही. असे बरेच दिवस गेले. बांगड्यांकडे मी बघायचं सोडून दिलं होतं. जेवणाची वेळ झाली की मात्र कान पडवीकडे लागत.

एक दिवस ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, नेहमीसारखे वाक्याच्या मधे थांबले आहेत. पण वाक्य सुरूच झालं नव्हतं.

"माजी बायको पन जेवायची," ते म्हणाले. "आमची पोर गेली तवा वर मोसम भरात होता. मी खाली आलो नि लगेच माघारी गेलो, लोकांना खाऊ घालायला. गावचं कुनी वर आलं की मी इचारायचा, बाय कशी हाय. म्हनायचे, जेवते, घोर करू नको. पाऊस लागला नि हॉटेल बंद झालं, तसा उतरलो. दारात एक बाई उभी व्हती. मी वळखली नाय."

मी हातातला घास तसाच धरला होता.

"ती जेवताना तिच्यापाशी कोन बसतं, ह्ये मी कवा इचारलंच नाय," मामा म्हणाले. "ती भादवा बी बघू शकली नाय."

त्यांनी हात ताटात ठेवला होता, पण ते जेवत नव्हते. मग त्याच आवाजात, मान न वळवता, त्यांनी विचारलं, "पोराचं नाव काय ठेवनार व्हतीस गं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरच्यांनीही नाही. नाव मी मनात ठरवलं होतं, सातव्या महिन्यातच, भात निवडताना, आणि ते कुणाला सांगायची वेळ आलीच नव्हती. मी ते सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मामांनी ते नाव एकदा सावकाश उच्चारलं, लांब उभ्या असलेल्या कुणाला हाक मारावी तसं, आणि म्हणाले, "बरं नाव हाय."

मग मी रडले. पानावरच रडले. भात भिजला. मामा तसेच बसून राहिले, त्यांनी सासूबाईंना हाक मारली नाही, गप्प हो म्हटलं नाही, वळूनही बघितलं नाही. रडं ओसरल्यावर मी पुढ्यातला घास उचलला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. जवसाची चटणी, भात, लोणी. तो तोंडात घातला आणि चावला.

"मामा," मी म्हणाले, "चटनी खारट झालीय."

पाठमोरे मामा हलले. आधी खांदे, मग सगळी पाठ. हसताहेत की काय ते मला कळेना, आणि ते त्यांनीही कधी सांगितलं नाही. थोड्या वेळानं ते घसा खाकरून म्हणाले, की चटणी मघापासून खारटच होती, आणि ती त्यांच्याच हातची होती.

दुसऱ्या दिवशी मी जावेला म्हटलं, मूल घेऊन माझ्याजवळच बस जेवायला. ती बिचकत बसली. मूल माझ्या पानात हात घालू लागलं. पावसाळा सरता सरता बांगड्या मनगटावर परत आल्या, डोक्यावर बारीक बारीक नवे केस उभे राहिले, आणि एक दिवस मी भरली घागर घेऊन नदीवरून न बसता घरी आले. दारात आमचे घरचे उभे होते. त्यांनी घागर उतरवून घेतली, आणि त्या दिवशी शेतावर जाताना ते मागे वळले नाहीत.

आता गंमत अशी, की या सगळ्याचं श्रेय मामांनी जवसाला दिलं. पूर्णपणे, काही हातचं न राखता. दगडाच्या खलाला थोडं, हळदीच्या पानाला थोडं, पण मुख्य जवसाला. आमच्या सुनेला जवस लागलं, फक्त लागायला वेळ लागला, कारण बी जितकं मानी तितकं उशिरा रुजतं, असं ते बाजारात थांबून थांबून सांगत. पोशीरला माणसं घेऊन येत. मग मी दाराआडून कोपर बाहेर काढायचं आणि बाहेर बसलेल्या मंडळींनी ते पाहून माना हलवायच्या. तालुक्यात त्या वर्षी जवसाला अशी मागणी आली, की बाजारातल्या घाटावरच्या व्यापाऱ्याला वाटलं, इकडे कुणी जवसाच्या तेलातल्या रंगांचा कारखाना काढला असावा. पडवीतल्या जेवणाविषयी, पाठमोरं बसण्याविषयी, मामा कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर मी म्हणे, हो, जवस. ताजं कुटलेलं, तुपाबरोबर. त्यात खोटं काही नव्हतं. आजही मी ते तसंच खाते.

पुढे मला मुलगी झाली. तिनं जन्मताच असा टाहो फोडला, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मामा बघायला आले, तिला मांडीवर घेऊन बसले आणि बसल्या बसल्या झोपी गेले. दोघंही तोंड उघडं टाकून झोपलेली, आणि कुणालाही उठवायचा धीर होईना.

युद्ध संपलं, ते हॉटेल नव्या मालकानं उघडलं, आणि मामांना बोलावणं आलं. आता या वयात कशाला, असं सगळे म्हणाले. मामा म्हणाले, वर लोक हवा खायला येतात, ती तरी त्यांच्या अंगी लागते का ते बघायचं राहिलंय. आम्ही नेरळपर्यंत त्यांना पोचवायला गेलो. डोंगरावर जाणारी छोटी आगगाडी उभी होती, पण ते तिच्यात बसले नाहीत. घोड्यांच्या वाटेनं चालत निघाले, सावकाश, मधे मधे थांबत, आणि झाडांत दिसेनासे झाले.

काही वर्षं ते पावसाळ्यात खाली येत राहिले. मग एका मोसमात, उन्हाळा भरात असताना, वरून एक माणूस निरोप घेऊन आला. हॉटेलात भांडी घासायला होता तो. त्यानं सांगितलं, की दुपारी पाहुण्यांची जेवणं झाली, मामांनी आपलं ताट वाढून घेतलं, मागच्या पायरीवर बसून जेवले, तिथंच भिंतीला टेकून झोपले, आणि मग उठले नाहीत. सासूबाई रडू लागल्या. घरचे, जाऊ, सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. तो माणूस अवघडून अंगणात उभा होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं, आणि तो पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, की मामा जेवत होते तेव्हा त्यांच्यापाशी कुणी होतं का.

त्यानं आठवून पाहिलं. "व्हता की," तो म्हणाला. "एक घोडेवाला बसला व्हता बाजूला. दोघं काय काय बोलत व्हते."

मी भांडं घेऊन आत गेले. चुलीवरचा भात उतरवला, आणि त्या माणसाचं पान वाढलं, आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसून राहिले.